पाचवा ठोका

मित्रांनो, माझा एक पाय आखूड आहे. त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे म्हणून मी नीट उभा दिसतो. सुताराने मला एका मोडक्या दाराच्या फळ्यांतून घडवले. माप घेताना बायको भांडत होती म्हणून पाय चुकला, असे तो ज्याला त्याला सांगे. मात्र वरची फळी त्याने जाड घातली. बोटाच्या पेराने ठोकलेत तर मी अजूनही खणखणीत उत्तर देतो. या एका गुणावर माझे नशीब उघडले.

मला नेले ते स्पॅनिश शिकवणाऱ्या एका बाईंनी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा वर्ग भरे आणि मधोमध मी. बाईंची तऱ्हाच निराळी. शब्द आधी माझ्यावर वाजवायचा, मग तोंडाने म्हणायचा. जेवढे तुकडे तेवढे ठोके, आणि ज्या तुकड्यावर जोर तिथे उघड्या तळव्याची थाप. शब्दही एकटा येत नसे, गोतावळा घेऊन येई. 'पान' म्हणजे पाव, एकच थाप. 'पा-ना-दे-रो' म्हणजे पाव भाजणारा. 'पा-ना-दे-री-आ' म्हणजे त्याची बेकरी. सगळी जुन्या लॅटिनमधल्या 'पानिस'ची नातवंडे.

"आजोबा ओळखीचे झाले की नातवंडांशी बोलायला भीती कसली?" असे बाई म्हणत.

वर्गातले सर्वांत ढ विद्यार्थी म्हणजे बेकरीवाले काका. त्यांचा मुलगा परदेशी राहिला होता. सून तिकडची, नात स्पॅनिशच बोले. फोनवर आजोबा-नात एकमेकांकडे पाहून नुसते हसत. तेवढ्यासाठी काका भट्टीवरून थेट वर्गाला येत, कोपरापर्यंत पीठ घेऊन. ते पीठ माझ्या फटीत बसे. मी कधी तक्रार केली नाही.

"अहो, जन्मभर तुम्ही हाच शब्द भाजताय," बाई त्यांना चिडवत. "आपला पावसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला, याच घराण्यातला. मग शेवटचा ठोका दरवेळी गिळता कसा?"

काका 'पानादेर्या' म्हणत आणि चारच ठोके देत. 'री' वेगळा आणि 'आ' वेगळा, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरत नव्हते.

"बाई, एकदा मळलेली कणीक पुन्हा पीठ-पाणी करता येते का?" ते हात जोडून म्हणत आणि सगळा वर्ग हसे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका सकाळी बाईंना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण वाचा गेली. त्यांना सारे समजे, तोंडातून मात्र काही उमटत नसे. लेक येऊन राहिली. भारी मायेची पोर! बाईंनी बोट हलवायचा अवकाश, "पाणी हवंय का? पंखा बंद करू?" असे तीच सगळे बोलून टाकी. पुढे पुढे बाईंनी बोट हलवणेही सोडले. डॉक्टर म्हणत, बोलायचा प्रयत्न थांबला तर वाचा कायमची जाईल. लेक एकटी असली की रडे.

वर्ग बंद पडला. मला भिंतीशी ढकलले. माझ्यावर औषधाच्या बाटल्या आणि इस्त्रीच्या कपड्यांची चळत आली. ठोका म्हणून कोणी देईना. शेवटी खोलीत फिरायला जागा हवी म्हणून लेकीने मला काढून टाकायचे ठरवले. बाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. नको म्हणायलासुद्धा शब्द लागतो, मित्रांनो.

त्या दुपारी काका ताजे पाव घेऊन आले.

"काका, हे टेबल तुम्हीच न्या. बेकरीत उपयोगी पडेल," लेक म्हणाली.

"नेतो की. पण आधी बाईंना धडा म्हणून दाखवतो. बरेच दिवस झाले, गंजलोय मी."

त्यांनी बाटल्या बाजूला केल्या, मला बाईंच्या खुर्चीपुढे ओढले आणि ठोकायला लागले. 'पान' बरोबर आले. 'पानादेरो' बरोबर आले. मग 'पा-ना-दे-र्या'. चार ठोके. काका समाधानाने थांबले.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. लेक काही बोलणार होती, पण तिला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. काकांनी पुन्हा म्हटले. पुन्हा चारच.

बाईंची मूठ उठली आणि माझ्यावर आदळली.

"आ!"

घोगरा, रागावलेला आवाज. पण बाईंचाच!

"चुकलो का हो, बाई?" काका घाबरून म्हणाले. बाईंनी डोळे पुसत होकाराची मान हलवली आणि पुन्हा मूठ आपटली. "आ!"

मला कोणी नेले नाही. काका रोज येऊ लागले. मी पुन्हा मधोमध आलो. बाईंचे शब्द माझ्यावरून, ठोक्याठोक्याने परत आले, काही स्पॅनिश, काही आपले. लेक ओठ घट्ट मिटून वाट पाहायला शिकली. त्या घरात सर्वांत अवघड धडा तिचाच होता.

"काका, त्या दिवशी मुद्दाम चुकलात ना?" तिने एकदा विचारले.

"मुद्दाम कसलं? मला अजूनही येत नाही."

परवा बाईंनी कधी न शिकवलेला शब्द स्वतःहून वाजवला. 'कोम-पा-न्ये-रो'. काकांनी अर्थ विचारला. बाईंनी माझ्यावर पाव मोडला, अर्धा त्यांच्यापुढे सरकवला आणि सावकाश म्हणाल्या, "सोबती. पाव... वाटून... खाणारा."

काकांनी तो शब्द पहिल्या फटक्यात बरोबर वाजवला.

मित्रांनो, माझ्यावर या माणसांचे फार उपकार आहेत. मागणे एवढेच, की कोणाचा शब्द अडला तर तुम्ही तो चटकन पुरा करू नका. शेजारी बसा, हवे तर चुका. आणि थोडी वाट बघा.