सोवळ्यातली टाकी

कोचीला निघायच्या सकाळी माझ्या मुलानं, मुकुलनं, मला टाक्यांसमोर उभं केलं आणि म्हणाला, "आई, ही छोटी टाकी सोवळ्यातली समज. हिच्यातलं मोठीत न्यायचं नाही, मोठीतली जाळी हिच्यात बुडवायची नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. न कळायला काय झालं? सासूबाईंच्या हाताखाली अकरा वर्षं सोवळ्याचा स्वयंपाक केलाय मी.

मोठी टाकी आमच्या बाळकुमच्या घरात, हॉलमध्ये सोफ्याच्या जागी आहे. सोफा गेला, पाहुणे आता खुर्च्यांवर बसतात. खाऱ्या पाण्यात प्रवाळं पाळलीत चिरंजीवांनी. त्यातलं टॉर्च नावाचं एक त्याचं फार जिवाभावाचं. दगडी देठांवर नऊ डोकी, आणि प्रत्येक डोक्यावर हलणारी हिरवी मऊ बोटं. ते झाड नाही, प्राणी आहे, हे तो मला इतक्यांदा सांगतो की जणू मी त्याला शेणखतच घालणार आहे.

अर्थात त्याचंही चूक नाही. मागच्या वर्षी काच पुसायचं औषध फवारून मी टाकी लख्ख केली आणि आठवड्यात निम्मी प्रवाळं मेली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "आई, तू आता हात लावू नकोस." तेव्हापासून तो बाहेरगावी गेला की टाकी बघायला त्याची बहीण अंतरा कल्याणहून यायची, आणि मी माझ्याच घरात तिला चहा करून द्यायचे. या खेपेला तिला सुट्टी मिळाली नाही म्हणून माझा नंबर लागला. मला एवढंच हवं होतं, की तो परत येईल तेव्हा टॉर्चची नऊच्या नऊ डोकी त्याला दाखवावीत.

चौथ्या दिवशी एका डोक्यावर तपकिरी बुळबुळीत थर दिसला. झाकण उघडलं तर कुजल्याचा वास. फोटो पाठवला. मुकुल कामासाठी बोटीवर होता, तिथं रेंजचा पत्ता नाही. दुपारी एकदाचा मेसेज आला: "संसर्ग आहे, लगेच पसरतो. थर पिचकारीनं ओढून घे. आजारी डोकं कापून वेगळं कर. दोन्हींना आयोडीनच्या पाण्यात दहा मिनिटं ठेव. सोवळ्याच्या टाकीचं लक्षात आहे ना?"

लक्षात होतंच. थर ओढून काढला, कटरनं देठ कापला, औषधाच्या पाण्यात दोघांना न्हाऊ घातलं. मग आठ निरोगी डोकी अलगद सोवळ्याच्या टाकीत ठेवली, कशाचा संपर्क नको म्हणून. आजारी बिचारं राहिलं मोठ्या टाकीत, एका कोपऱ्यात. हात तीनदा धुतले आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी आठांपैकी दोघांवर तोच थर. तिसऱ्या दिवशी पाच गेली. आणि ते आजारी? त्यानं बोटं बाहेर काढून पसरली होती मस्त.

मला काही सुधरेना. नीट ठेवलेली मरतात आणि टाकून दिलेलं बरं होतं, हा कुठला न्याय? औषध उलटं लागलं का? डोकी मोजताना माझीच अदलाबदल झाली का? आमचे हे, हरिहरराव, पेपर बाजूला करून म्हणाले, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं तर नाही ना केलंस?" मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

त्याच संध्याकाळी मुकुलचा फोन लागला.

"आजारी डोकं छोट्या टाकीत टाकलंस ना?"

"छोट्या टाकीत? आजारी? अरे, ती सोवळ्यातली ना?"

तो हळूच म्हणाला, "आई, त्यात आजारीच ठेवायचं असतं. नाही तर बाहेरून आलेलं नवीन. पंधरा दिवसांपूर्वी तिथं एक याच रोगानं मेलंय. ती टाकी मी अजून धुतलेली नाही."

"सोवळ्यात आजाऱ्याला निजवतात का रे कधी?"

"मला वाटलं, सोवळं म्हणजे ज्याला शिवायचं नाही ते."

न शिवायचं खरंच. पण बाहेरचा मळ आतल्याला लागू नये म्हणून. हा समजला उलटं, आणि त्या उलट्यापायी मी त्याची धडधाकट डोकी उचलून रोगात नेऊन ठेवली. आपल्या हातांनी.

"किती उरलीत?" त्यानं विचारलं.

रोगानंच गेली म्हणाले असते तर त्याला काय कळणार होतं? "तीन," मी म्हटलं. "आणि ते आजारी एक. बाकीची माझ्यामुळे गेली."

"तू 'कळलं' म्हणाली होतीस, आई."

"तेव्हा वाटलंच होतं कळलं. पण मेसेज वाचताना मनात आलं होतं, आजाऱ्याला कुठं ठेवायचं हे विचारावं. नाही विचारलं. विचारलं असतं तर तू लगेच अंतराला फोन केला असतास."

तो म्हणाला, "बरं. आता पहिल्यापासून सांगतो. जिथं अडेल तिथं थांबव."

त्यानं सांगितलं. उरलेल्या तिघांना पुन्हा औषध, कुठलं पाणी कुठं ओतायचं, कुठली पिचकारी कशाला.

"नाही कळलं," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा सांगितलं.

"अजून नाही," मी म्हटलं.

तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. अंतराचं नाव त्यानं काढलं नाही. मी पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसलेल्या ह्यांच्या हातून पेन ओढून घेतलं आणि पेपरच्या कडेला लिहायला लागले.