काल कोणती भाजी खाल्ली?

‘मनवा, प्रश्न आजच हवेत. त्या चॅटबॉटकडून करून घे, पण वेळ घालवू नकोस.’ सुचित्राताईंचं ते बोलणं आठवलं की माझा पंखा अजून घरघरू लागतो.

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. शेवगावातल्या एका लहानशा संस्थेत राहतो. सुचित्राताई तिच्या प्रमुख आणि मनवा तिथली कार्यकर्ती. नवा होतो तेव्हा हळदकुंकू वाहून मला टेबलावर बसवलं होतं. आता बॅटरी टिकत नाही, जरा काम पडलं की अंग तापतं.

संस्थेनं सोनई गावच्या बायकांना परसबागेसाठी बियाणं दिलं होतं. त्याचा उपयोग झाला का, हे त्यांना विचारायचं होतं. नाही म्हणाल्या तर काम बंद होणार होतं. मनवानं चॅटबॉटला माहिती दिली आणि क्षणात नेटके प्रश्न आले. पहिलाच होता, ‘काल तुम्ही बागेतली कोणती भाजी खाल्ली?’ खाली भाज्यांची नावं आणि शेवटी ‘कोणतीच नाही’. तिनं ते घाईघाईत बायकांच्या मोबाईलवर पाठवले.

उत्तरं आली. जिकडेतिकडे ‘कोणतीच नाही’. सुचित्राताई म्हणाल्या, मग बागा हव्यात कशाला? मनवाला बसवेना. सारखी उठायची, पुन्हा माझ्यापाशी यायची. शेवटी तिनं सोनईच्या सत्यशीलाबाईंना फोन लावला.

पलीकडून हसू आलं. ‘अवो ताई, काल एकादशी हुती. समद्या बायकांनी भगर खाल्ली. तुमी काय वांग्याची भाजी खाल्ली व्हय?’

मनवानं कपाळाला हात लावला. काल तिचाही उपास होता, डब्यात भगरच होती. पण चॅटबॉटला तिनं एकादशी सांगितलीच नव्हती आणि स्वतःही ती विसरली होती.

‘बाई, आता नवे प्रश्न आधी तुमच्या ओट्यावर बसून वाचून दाखवते,’ ती म्हणाली, ‘मगच पाठवते.’

तिनं चॅटबॉटला उपासाचं सांगितलं. सुधारलेले प्रश्न आले, पहिल्यासारखेच नेटके. सुचित्राताई दारातून म्हणाल्या, ‘झाले ना? पाठवून टाक.’ मनवाचं बोट माझ्या बटणावर क्षणभर थांबलं. माझाही जीव टांगणीला लागला.

मित्रांनो, आम्हां यंत्रांकडून प्रश्न खुशाल करून घ्या. पण आम्हांला ना उपास कळतो, ना भूक. ज्यांना विचारायचं त्यांच्याजवळ आम्हांला घेऊन जात चला.

‘उद्या पाठवते, ताई,’ मनवा हळूच म्हणाली. पदरानं माझी धूळ पुसून तिनं मला पिशवीत ठेवलं आणि सोनईच्या गाडीसाठी ती स्टँडकडे निघाली.