भित्रा धोंडू

इंजिनीअर म्हणून मामा हुशार, यात वादच नाही. चांगली नोकरी सोडून त्याने एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत स्वतःची कंपनी थाटली होती, आणि तिथे तो विशेष मुलांच्या थेरपीसाठी रोबो बनवायचा. पण त्याची आठ वर्षांची भाची काही केल्या नखं कापू देईना, आणि त्या एवढ्याशा नखांपुढे त्याच्या सगळ्या हुशारीने हात टेकले होते.

भाचीला घरात मनी म्हणत, कारण नखं मांजरीची. बोटांना कुणी हात लावलेला तिला सहन व्हायचा नाही. बोलायची मोजकंच, पण नेलकटर दिसला की अख्खं घर डोक्यावर घ्यायची. मग तिची आई, म्हणजे मामाची ताई, मनी झोपल्यावर मोबाइलच्या उजेडात चोरून नखं कापायची. काही महिने निभावलं. मग पोरगी मुठी आवळून झोपायला लागली.

"स्वतःच्या पोरीच्या खोलीत चोरासारखी शिरते रे मी," ताई म्हणाली आणि रडायलाच लागली. हातातलं सगळं बाजूला सारून मामा या नखांच्या मागे हात धुवून लागला.

पहिला रोबो दिसायला गोड होता. मऊ रबरी हात, बोटांवर पातळ प्लॅस्टिकची नखं. कापली की हसायचा आणि म्हणायचा, "बघ, काहीच होत नाही!" मनीने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि नेलकटर भिरकावून दिला.

"धोंडा आहे नुसता," ताई म्हणाली. झालं, त्याचं नाव धोंडू पडलं.

मनीच्या थेरपिस्ट बाई फटकळ. त्या म्हणाल्या, "तुमचा धोंडू खोटं बोलतो. तिला काहीतरी होतं, आणि हा म्हणतो काहीच होत नाही. घाबरू द्या की त्याला!"

"घाबरट रोबो विकत कोण घेणार, बाई?"

"आधी मनीला पटू दे. मग बघा गिऱ्हाईक."

मामा दोन दिवस फुरंगटून बसला आणि मग मुकाट्याने कामाला लागला. नवा धोंडू पक्का भित्रा. नेलकटर टेकला की "थांब!" म्हणून हात मागे घ्यायचा, आणि समोरचं माणूस खरंच थांबलं तरच बोट पुन्हा पुढे करायचा. मनीला तो असा काही आवडला की विचारू नका! तो थांब म्हणाला की ती श्वाससुद्धा रोखून धरायची, आणि बोट पुढे आलं की खुदकन हसायची. नवी नखं बनवता बनवता मामाच्या नाकी नऊ आले, पण गडी खूश होता.

आणि एका दुपारी, कुणी काही न सांगता, मनीने आपली करंगळी आईपुढे धरली.

ताईने नेलकटर घेतला. अर्धं नख कापलं असेल नसेल, तेवढ्यात मनी म्हणाली, "थांब!"

"झालं गं बाई, एवढुस्संच राहिलंय!"

"झालंच, झालंच!" मामानेही सूर मिळवला.

संपलं. मनी टेबलाखाली जाऊन बसली. मामाने कपाळावर हात मारून घेतला. पोरीसाठी त्याने एवढं यंत्र बांधलं, पण थांब म्हटल्यावर थांबायची सवय तिच्या आईला नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यालाही नव्हती.

"ताई, इथे बस. धोंडूची नखं काप."

"मी? मला दुसरे उद्योग नाहीत का?"

पण बसली. ताई म्हणजे भिंतीवरचं चित्र जरा तिरकं दिसलं तरी जेवण सोडून उठणारी बाई. अर्धवट काम तिला बघवतच नाही. धोंडू थांब म्हणाला, तरी हिचा हात चालूच. "थांब काय मेल्या! जरासं तर राहिलंय!"

टेबलाखालून खिदळणं ऐकू आलं. मनी बाहेर आली, आईचं मनगट धरलं आणि हात बाजूला केला. मग रोज तेच. धोंडू ओरडायचा, ताई चुकायची, आणि मनी मास्तरीण होऊन तिला थांबवायची. पुढे पुढे ताई आपणहून थांबायला लागली.

मग एकदा मनीने पुन्हा करंगळी पुढे केली. नेलकटर टेकला.

"थांब!"

ताई थांबली. अर्धं नख नुसतं लोंबत होतं. मामाचा जीव टांगणीला लागला. "झालंच" हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता, तो त्याने गिळला. ताईने नेलकटर मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "थांबले हं, बाळा."

मनी आईच्या हाताकडे बघत राहिली. बराच वेळ. हात हलला नाही. मग करंगळी हळूच पुढे आली, कट् झालं, आणि मामाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढा आनंद त्याला कंपनीचा पहिला रोबो चालला तेव्हाही झाला नव्हता.

मनीने करंगळी उलटसुलट करून पाहिली.

"उद्या," ती म्हणाली आणि खेळायला पळाली.

नऊ नखं तशीच राहिली होती. ताईने नेलकटर मिटला.

"बरं," ती म्हणाली, "उद्या."