लख्ख घासलेला राजा

“हे कोणी केलं?” जुन्या नाण्यांचा दुकानदार जवळजवळ ओरडलाच.

मास्तर काही बोलणार, तोच दाराजवळच्या खुर्चीतून उत्तर आलं. “मी! सकाळी हे दाढी करत होते ना, तेव्हा लिंबू-मिठाने घासलं. बोटाला नुसता गंज लागत होता हो. गिऱ्हाइकापुढे जायचं तर तोंड नको का धुवायला?”

बोलणारी मास्तरांची बायको. मोतीबिंदूमुळे तिला तिथून दोघांचे नुसते आकार दिसत असणार, पण कान अगदी तिखट. तिच्याच डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आज हे राजाचा चेहरा असलेलं ब्राँझचं रोमन नाणं विकायला काढलं होतं.

जन्मभर लोकांचे कोट शिवले, पण मास्तरांनी स्वतःसाठी शौक केला तो एवढाच. कधीकाळी एका खलाशाने शिलाईपोटी हे नाणं हातावर ठेवलं, आणि जुनी नाणी जमवायचं वेड लागलं ते लागलंच. प्रत्येक नाण्याला अस्तराच्या उरलेल्या तुकड्याची पिशवी, आणि सगळ्या पिशव्या एका पत्र्याच्या डब्यात. त्यात खरा मोलाचा हा रोमन राजा, बाकीचा नुसता दरबार. राजा देऊन डोळे करायचे आणि दरबारावर म्हातारपण काढायचं, असं मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं.

नाणेवाल्याने आवाज उतरवला. “मास्तर, तो गंज नव्हता. तो हिरवा थर म्हणजेच त्याचं वय. आता हे कालच ओतल्यासारखं दिसतंय. कोण घेणार?”

मास्तरांना राग आला, खोटं कशाला सांगा. इतकी वर्षं फुलासारखं जपलेलं नाणं आणि या बाईने भांड्यासारखं घासून ठेवलं! चार शब्द सुनावायलाच ते मागे वळले. ती हसत होती. आपण केलेल्या कामावर भलतीच खूश होऊन हसत होती, पण त्यांच्याकडे नव्हे, शेजारच्या कपाटाकडे बघून. मास्तर तिथंच विरघळले.

त्यांनी अख्खा डबा नाणेवाल्यापुढे सरकवला. “आणि हे सगळं घेतलंत तर?”

नाणेवाल्याने एकेक पिशवी सोडून पाहिली. “भागेल तुमचं. पण मास्तर, सगळं?”

“हळू बोला हो.”

माणूस बरा होता. पैसे देऊन झाल्यावर तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, “काकू, काय चमकवलंत! तुमच्यामुळेच जमलं बघा.”

“मी ह्यांना सांगतच असते,” ती म्हणाली आणि काठी शोधू लागली.

चकचकीत राजा खिशात टाकून, रिकामा डबा काखेत मारून मास्तरांनी तिचा हात धरला. बस भरलेली होती, पण कोणीतरी उठून दोघांना जागा दिली.

“द्या तो डबा इकडे. तुमचा खांदा दुखतो.” ते नको नको म्हणेपर्यंत तिने तो ओढून घेतलाही. तिने डबा जरासा उचलून पाहिला, पुन्हा मांडीवर ठेवला.

“अहो, त्या एकट्या राजाचं एवढं वजन होतं?”

“राजाच तो,” मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

तिने झाकण किलकिलं करून आत हात घातला. बोटं चारी कोपऱ्यांतून फिरून आली.

“मी घासायला नको होतं का हो?”

“अगं, तू घासलंस म्हणून तर...” मास्तर सांगू लागले. तिने चाचपडत त्यांचा हात शोधला आणि घट्ट दाबला. मग झाकण नीट लावलं.

पुढच्या थांब्यावर गर्दी आणखी वाढली. कंडक्टर वाट काढत आला. “आजी, तो डबा खाली ठेवा की, आरामात बसा.”

तिने दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरला.

“नको रे बाबा,” ती म्हणाली, “ह्यांची नाणी आहेत त्यात.”