तांबड्या रेघेखाली दोन बोटं

नदीतल्या खांबावरची तांबडी रेघ अजून कोरडी होती — तिच्याखाली दोन बोटं जागा, मग गढूळ पाणी. पुराचं पाणी मोजणारा मोजणीदार घाटाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उकिडवा बसला होता. नियमच तसा: खाली उतरायचं, तीन लाटा जाऊ द्यायच्या, मग खांब वाचायचा. अठरा वर्षं तो पाणी बोटांत सांगत आला, म्हणून लोक त्याला दोनबोटे म्हणत. "काय दोनबोटे, आज नदीनं किती घेतली?" असं कुणी विचारलं की तोही हसायचा. मागच्या पुरापर्यंत.

त्या दिवशी पायऱ्या निसरड्या होत्या, पाऊस तोंडावर मारत होता, आणि त्यानं वरूनच वाचलं — फक्त एकदा — रेघ दिसतेय असं वाटलं, आणि दिसत होता तो तिच्या वरच्या बाजूचा गंज; रेघ केव्हाच पाण्याखाली गेली होती... गावाला सावध करणारा भोंगा वीस मिनिटं उशिरा झाला. तेवढ्या वेळात गिरणीवाला पिठाची पोती माळ्यावर चढवत राहिला, आणि मग पाण्याच्या दाबानं दार उघडेना; तो आतच बुडाला. लोक म्हणाले, भोंगा झाला म्हणून वाचलो. त्याचा सत्कार केला. चोराच्याच गळ्यात हार! याचं त्याला हसू यायचं, आणि मग तो ताट सरकवून उठायचा.

"पाणी रेघेला लागल्याशिवाय भोंगा नको," मघाशी कचेरीतल्या साहेबांनी फोनवर बजावलं होतं. "गावाला उगाच पळवलंत, तर पुढच्या वेळी कुणी जागचं हलणार नाही." खरंच होतं ते. पण हात सारखा खिशातल्या भोंग्याच्या किल्लीकडे जात होता. पाणी चढतंय ते नदीत, की माझ्याच डोळ्यांत?

"भावजी, चहा." गिरणीवाल्याची बायको वर उभी होती. पुरानंतर रोज आणायची. भोंगा वाजवून गाव वाचवणारा माणूस म्हणून.

"वहिनी, जरा खाली या. आज तुम्ही वाचा, माझ्या डोळ्यांचा मला भरवसा नाही."

ती जपून उतरली, शेजारी बसली, डोळे बारीक करून पाहत राहिली. "दोन बोटं आहेत अजून. वरून नीट कळतच नाही हो."

"नाही कळत," तो म्हणाला. मग तोंडातून निघूनच गेलं, "मागच्या वेळी मी वरूनच वाचलं होतं."

तिनं खांबावरून नजर काढली नाही. उठलीही नाही. पेला तिच्या हातात तसाच राहिला. एक लाट गेली, दुसरी, तिसरी... त्याला वाटलं होतं, बोललो की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. पण खांब मात्र कित्येक महिन्यांनी नुसता खांब दिसत होता, आणि रेघेखाली, स्वच्छ, दीड बोट.