दोष पायाचा नव्हता

आनंदा मूळचा उरणजवळच्या मोऱ्याचा. तरुणपणी तो तिथल्या बंदरात मचव्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. नुसता कान लावून इंजिनाचं दुखणं सांगतो, अशी त्याची साऱ्या उरणात ख्याती होती. पुढे पनवेलला जुन्या पुणे रस्त्यावर त्यानं गॅरेज टाकलं, पण सवय तीच राहिली. बॉनेट उघडलं की आधी ऐकायचं, मग वास घ्यायचा आणि हात घालायचा तो सगळ्यात शेवटी.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर डॉक्टर कुमुद वर्टी त्याच्याकडे गाडी घेऊन आल्या. बाईंचा दवाखाना पनवेलात होता, पण आठवड्यातले तीन दिवस त्या डोंगराकडेच्या वाड्यांवर जायच्या. तिथल्या बायका बाळंतपणासाठी त्यांचीच वाट बघायच्या. गाडी मात्र चांगली ऐटबाज होती. बोटीवर इंजिनिअर असलेल्या भावानं ती सिंगापूरहून आणली होती आणि पुन्हा बोटीवर जाताना बहिणीच्या हवाली केली होती.

"आनंदाभाऊ, पूर्वी लिटरला चौदा द्यायची, आता जेमतेम सात देते. दोन गॅरेजं झाली. दोघंही म्हणतात, बाईंचा पाय जड आहे."

आनंदानं मान तिरकी करून इंजिन ऐकलं. घड्याळासारखं चालत होतं. खोट म्हणून सापडेना. तेव्हा त्याच्याही तोंडून निघून गेलं, "बाई, क्लचवर पाय ठेवून चालवता काय तुमी?"

कुमुदताई रागावल्या नाहीत. त्यांनी बाजूचं दार उघडलं. "बसा. करंजाड्यापर्यंत जाऊन येऊ. पायाकडे लक्ष ठेवा."

आनंदा बसला. बाईंनी गाडी अशी काढली की त्याच्या मांडीवरचा पाना हलला नाही. खड्डा लांबूनच हेरायच्या, गिअर वेळेवर टाकायच्या, क्लचवर पाय क्षणभरही जास्त ठेवायच्या नाहीत. परत येईस्तोवर आनंदाची नजर त्यांच्या पायावरच होती. गॅरेजशी उतरल्यावर म्हणाला, "चुकलो, बाई. तुमचा पाय माझ्यापेक्षा हलका हाय. दोष गाडीतच हाय. मी शोधतो."

शोधायचं म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. प्लग काढले तर काजळीनं काळे ठिक्कर. धुराला कच्च्या पेट्रोलचा वास. म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त जात होतं, हे उघड होतं. साधी गाडी असती तर त्यानं कार्बोरेटर खोलून तासाभरात काम उरकलं असतं. इथे कार्बोरेटरच नव्हता! पेट्रोल किती सोडायचं ते डॅशबोर्डाखालचा एक पत्र्याचा डबा ठरवत होता, आणि डब्याला कान लावून काय ऐकू येणार?

शेवटी तो समोरच्या परेशकडे गेला. परेश टीव्ही दुरुस्त करायचा. तो मीटर घेऊन आला आणि गाडीतलं इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन बसला.

"काका, धुराच्या नळीत एक सेन्सर आहे म्हणतात. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो डब्याला कळवतो. कमी उरला की व्होल्ट वर, जास्त उरला की खाली. इंजिन तापलं की काटा सारखा वरखाली नाचायला हवा."

इंजिन तापवून त्यांनी मीटर लावला. काटा तळाशी जाऊन बसला तो बसलाच. आनंदानं हवेच्या नळीवर तळहात दाबला. इंजिन गुदमरलं, काळा धूर सुटला, तरी काटा हलेना.

"म्हंजे हवा कोंडली तरी हा सांगतोय, धुरात हवाच हवा हाय," आनंदा म्हणाला. "आन् डबा बिचारा त्याचं खरं मानून पेट्रोल वाढवतोय. थांब." त्यानं सेन्सरची वायरच उपसली. हळूहळू धुराचा वास निवळला. आता डबा त्या सेन्सरला विचारतच नव्हता, आपल्या अंदाजानं चालवत होता. आनंदाला इतकं बरं वाटलं की त्यानं परेशला मिठीच मारली, ग्रीसच्या हातांसकट.

सेन्सर काढून पाहिला. टोकावरची काजळी पुसली तर खाली करडी चकाकी दिसली, शिशासारखी. परेश गाडीभोवती फिरत होता. त्यानं पेट्रोल भरायचं झाकण उघडलं. आत चिकटवलेली पट्टी त्यानं मोठ्यानं वाचली: फक्त बिनशिशाचं पेट्रोल वापरा.

संध्याकाळी कुमुदताईंना ते दाखवलं तेव्हा त्या कपाळावर हात मारून हसल्या. "वाचलं होतं हो मी! पंपावर विचारलंसुद्धा. तो म्हणाला, ते मुंबईला मिळतं, इथे हेच. मला वाटलं, पेट्रोल ते पेट्रोल."

"पंपावरच्या पेट्रोलात शिसं असतं. त्या शिशानंच ह्या सेन्सरचं नाक बंद केलं," आनंदा म्हणाला.

भावानं नवा सेन्सर एका ओळखीच्या खलाशाबरोबर पाठवला. तो येईपर्यंत तीन आठवडे जुनाच सेन्सर परत लावून, पण वायर काढून, गाडी चालली. सेन्सर बसवला तेव्हा मीटरचा काटा खरोखरच नाचायला लागला. आनंदा बाकीची कामं टाकून बराच वेळ तेच बघत उभा होता. मुंबईहून बिनशिशाच्या पेट्रोलचे कॅन आणून कुमुदताईंनी टाकी काठोकाठ भरली.

रविवारी दोघं उरणच्या वाटेनं निघाली, गाडीची परीक्षा घ्यायला. मोऱ्याला आनंदाची बहीण शोभा राहायची. तिनं ताज्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली, आणि बाईंच्या पानात दुसरी भाकरी न विचारताच टाकली. परत आल्यावर आनंदानं उरलेल्या कॅनमधलं पेट्रोल मापानं ओतून टाकी पुन्हा काठोकाठ भरली आणि बोटांवर हिशेब केला. लिटरला साडेतेरा.

"पुढच्या वेळी कुणी पायाचं नाव काढलं तर तुमच्याकडे पाठवते," कुमुदताई म्हणाल्या.

"पाठवा की," आनंदा म्हणाला. "आधी तुमच्या बाजूला बसवून करंजाड्याला फिरवून आणा, मग पाठवा."

बाई हसत गाडीत बसल्या. त्यांना डोंगराकडच्या वाडीवर जायचं होतं. तिथल्या शुक्रीचे बाळंतपणाचे दिवस भरत आले होते.