न फिरणाऱ्या खुंट्या

काचबिंदूनं दुसरा डोळाही नेला, तेव्हा हरीश नुकतेच रिटायर झाले होते. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात इतकी वर्षं पेशंटांना भूल देणारा हा माणूस त्यानंतर घराबाहेर पडेनासा झाला. सतार तर त्यांनी बंदच केली. “आंधळा असून किती छान वाजवतो, हे मला ऐकायचं नाही,” एवढंच म्हणाले. त्यांची बायको अलका हिनं पुन्हा विषय काढला नाही.

२००५ च्या मे महिन्यात ती त्यांना बंदराजवळच्या एका लहानशा म्युझियममध्ये घेऊन गेली. प्राचीन इजिप्तच्या वाद्यांच्या प्रतिकृती तिथे दृष्टिहीनांना हाताळू देत असत. तिथे काम करणाऱ्या हेलननं हरीशच्या हाताखाली एका थडग्यातल्या कोरीव भिंतीची प्लास्टरची प्रत ठेवली.

हरीशची बोटं सावकाश फिरू लागली. “हा हार्प. वाजवणारा खाली बसलाय... बोटं तारांवर.” मग ती चेहऱ्यावर पोचली आणि थांबली. “डोळे मिटलेत?”

“आंधळा आहे तो,” हेलन म्हणाली. “असे वादक बऱ्याच थडग्यांत कोरलेले सापडतात.”

हरीशनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि मराठीत विचारलं, “हे दाखवायला आणलंस मला?”

“नाही हो. मला खरंच ठाऊक नव्हतं.”

“घरी चल.”

अलकानं त्यांचा कोट उचलला. हेलनला भाषा कळली नसली तरी झालेला प्रकार कळला. ती हळूच म्हणाली, “ते सगळे खरोखर आंधळे होते का, हेही नक्की सांगता येत नाही. काय वाजवायचे तेही नाही. वाद्यं उरली, पण त्यांचे सूर कुणी लिहूनच ठेवले नाहीत.”

हरीश थबकले. “मग तुमच्या हार्पच्या तारा कशा लावता?”

“अंदाजानं. आणि वाईट.”

ते परत फिरले. हेलननं पुढे केलेल्या हार्पच्या वाकड्या दांडीवर त्यांनी हात फिरवला. खुंट्या पक्क्या बसवलेल्या, न फिरणाऱ्या. तार दांडीभोवती गुंडाळलेली. तो वेढाच सरकवावा लागत होता. त्यांनी कान लावून तार छेडली, वेढा सरकवला, पुन्हा छेडली. कपाळावर घाम आला. बऱ्याच वेळानं दोन तारा एकमेकींशी जुळल्या, आणि तो स्वर विरेपर्यंत हरीशनी दांडीला लावलेला कान हलवला नाही.

“पुढच्या गुरुवारी इथे वाजवाल?” हेलननं विचारलं.

“वाजवणार नाही,” हरीश म्हणाले. “लावून देईन.”

ते दर गुरुवारी जात राहिले. अलका बाहेरच्या बाकावर बसे. आतून एकच तार पुन्हा पुन्हा ऐकू येई, कधी चढी, कधी उतरी. एखाद्या गुरुवारी ती जुळायचीच नाही. त्या दिवशी बसमध्ये अलका हरीशचा हात हातात घेऊन खिडकीबाहेर पाहत राही.